आजीला वाक्य नाही

क्लेटन, मेलबर्न
१७ मे २०२०

प्रिय विनी,

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पिलारच्या व्हरांड्यात बसून आपण मटार सोलायचो, ते आज अचानक आठवलं. यामिनीने फ्रीजरमधले मटार पातेल्यात ओतले, खडखडीत, सगळे एका मापाचे, आणि मनात आलं, यांच्यावर कोणाला स्पॅनिश शिकता येणार नाही. एका शेंगेला एक क्रियापद. चुकलं तर शेंग परत टोपलीत. तू चुकायचीस आणि मटार मात्र खाऊन टाकायचीस, आणि सिस्टर तेवढ्यापुरत्या जांभळाच्या झाडाकडे बघायच्या.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. सलिलने जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडलंय, यामिनीसूनबाईंचं बेडरूममध्ये, आणि स्पृहाची चौथीची शाळा हॉलमध्ये. तीन माणसं एकाच वेळी तीन ठिकाणी बोलत असली की चौथीला कुजबुजावं लागतं. तुझ्याशी कुजबुजून कसं बोलणार? तुझं हसणं फोनमधून बाहेर सांडतं.

माझं एप्रिलचं परतीचं तिकीट रद्द झालं, हे तुला माहीतच आहे. पुण्याचं घर बंद. इथे पाहुण्यांच्या व्हिसावर आले होते, आता व्हिसा वाढवून मिळालाय. म्हणजे पाहुणपणही वाढलं. सगळे प्रेमाने वागतात. मला दुकानात जाऊ देत नाहीत, भाजी धुऊ देत नाहीत, कुरिअरवाल्याला दार उघडू देत नाहीत. सलिल म्हणतो, "आई, तू फक्त बस." तर बसले आहे.

म्हणून विचारते. डॉन अन्सेल्मोचं ते नाटक तुझ्याकडे आहे ना अजून? 'मागची खोली'. सिस्टर स्पेनला परत जाताना ते पुस्तक तुला देऊन गेल्या होत्या. मला दिलं नाही म्हणून तेव्हा थोडा राग आला होता. आपण दोघी मिळून ते मराठीत आणूया का? तू तिकडे नरेंद्रभावोजींनंतर समुद्रकाठी एकटी, मी इकडे माणसांत बसलेली. वेळ दोघींकडे आहे.

तुझी,
नीरू


वॉलॉंगॉंग
२९ मे २०२०

नीरू,

पन्नास वर्षांनी पहिल्याच पत्रात राग काढलास, म्हणजे तो गेला नाही.

पुस्तक आहे. कपाटात नरेंद्रच्या स्टील प्लॅंटच्या हेल्मेटशेजारी. ब्राऊन पेपर तोच, तुझा शाईचा डागही तोच. झेरॉक्सची दुकानं बंद, लायब्ररी बंद, मग पाव कापायच्या सुरीने मी पुस्तकाचे तीन तुकडे केले. तीन अंक, तीन पाकिटं. किंचाळू नकोस. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, पुस्तक वाचण्यासाठी असतं, पुरण्यासाठी नाही.

पहिला अंक सोबत आहे. तू मराठीत लिही आणि मला पाठव. नियम जुनाच: दुसरीने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचायचं, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे लाल पेन्सिल. मनातल्या मनात वाचलेलं चालणार नाही. तू पूर्वी तेच करायचीस आणि "वाचलं" म्हणायचीस.

माझं बरं चाललंय. नरेंद्र गेल्यापासून मी घरात मोठ्याने बोललेच नव्हते, हे तुझ्या पत्रामुळे कळलं. काल पहिलं पान वाचायला तोंड उघडलं तर घसा बसलेला. कुंपणावरचा मॅगपाय उडून गेला.

विनी


क्लेटन
२१ जून २०२०

प्रिय विनी,

पहिला अंक सोबत पाठवते आहे. हळू वाच, माझं अक्षर आता थरथरतं.

काय माणूस होता गं हा! तेव्हा आपण सोळा वर्षांच्या होतो, आपल्याला वाटायचं नाटकात काहीच होत नाही. चौथ्या मजल्यावरचं एक घर. कोळसा संपतो, नळ कोरडा पडतो, कपड्यांची दोरी कोणाची यावर शेजारणी भांडतात. खेड्यातून आलेली रेमेदियोस क्षयाच्या इस्पितळात चादरी धुते आणि या घरातली मागची खोली भाड्याने घेऊन राहते. घरातला मुलगा हुलियान कारकून, त्याची बायको शिवण करते, आणि कोपऱ्यात खुर्चीत आजी. एवढंच. भाषण कोणी करत नाही. हुकूमशाहीत सेन्सॉरवाल्यांनी हे हातात घेऊन नेमकं काय खोडायचं म्हणून डोकं खाजवलं असेल. सिस्टर सांगायच्या ना, त्याची सगळी नाटकं अशीच होती. खाणीत दबलेल्या मजुराच्या घरचं, घरभाड्याचं, म्हाताऱ्यांना आश्रमात सोडणाऱ्यांचं. आणि एकातही दुष्ट माणूस नाही. सगळे आपापल्या परीने चांगले, आणि सगळे मिळून एक वाईट गोष्ट करतात. आता कळतंय ते.

मदर सुपीरियरना सिस्टरनी काय सांगितलं होतं आठवतं? नाटक 'परोपकारावर' आहे म्हणून! आणि मग आपल्या गॅदरिंगला इंग्रजीत ते झालं. तू रेमेदियोस. मी आजी, कारण मला वाक्यं पाठ होत नसत आणि आजीला एकही वाक्य नाही. तीन अंक खुर्चीत बसून विणकाम. आई मला म्हणाली होती, "एवढी फी भरून मुलीला मुकी केली."

आमच्याकडेही मागची खोली आहे हं. बागेत, ग्रॅनी फ्लॅट म्हणतात इथे. आजीसाठीच बांधतात म्हणे, पण मी घरात राहते आणि तिथे अंजू राहते, कराडची, युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकते. कॅफेतलं काम मार्चमध्ये गेलं, आता एका एज्ड केअर होममध्ये शिफ्ट करते. म्हाताऱ्यांना भरवते, त्यांच्या मुलांना फोन लावून देते. गोड आहे. येता-जाता स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबते. "काकू, आज फोडणी कशाची?" एवढंच विचारते, पण मी दुपारपासून त्या प्रश्नाची वाट बघते.

तुझी,
नीरू


वॉलॉंगॉंग
४ जुलै २०२०

नीरू,

पहिला अंक वाचला. उभं राहून, ओट्यापाशी, दोनदा. शेजारची मार्गरेट विचारायला आली की कोणाशी भांडते आहेस. लाल पेन्सिल तीनच ठिकाणी. हुलियान तुझ्या मराठीत जरा जास्त सभ्य झालाय. तो बायकोला "आपण विचार करायला हवा" म्हणत नाही गं, तो म्हणतो, "बघू." पुरुष "बघू" म्हणतात आणि मग बायका बघतात.

दुसरा अंक सोबत. यात ते रेमेदियोसचा कप वेगळा ठेवायला लागतात, तो प्रसंग आहे. सावकाश कर.

तुमच्याकडचे कोविडचे आकडे वाढताहेत. इकडे बातमी आहे की आमच्या आणि तुमच्या राज्यामधली सीमा बंद करणार. मला हसूच आलं. नरेंद्र म्हणायचा, या देशात सीमा फक्त क्रिकेटला असते.

एक विचारते, सहज. अंजू खिडकीशी थांबते म्हणतेस. आत येत नाही का?

विनी


क्लेटन
२४ जुलै २०२०

प्रिय विनी,

उशीर झाला. इथे पुन्हा लॉकडाऊन, आता मास्कही सक्तीचा. पोस्टाचंही काही खरं नाही.

अंजू पूर्वी आत यायची. रविवारी आमच्यात जेवायची. एज्ड केअर होम्समधून बातम्या यायला लागल्यावर सलिलने तिला सांगितलं, थोडे दिवस बाहेरूनच. तिनेही मान डोलावली. तिचं ताट मी मागच्या पायरीवर झाकून ठेवते, ती घासूनपुसून परत ठेवते. बाथरूम तिचं वेगळं आहे, पण लाँड्री एकच. तिचे कामाचे कपडे आणि आमचे कपडे एकाच मशीनमध्ये. त्यावरून सलिल अस्वस्थ आहे. तिच्या होममध्ये दोन केस निघाल्यात.

काल चहा पिताना तो यामिनीला म्हणाला, "तिला दुसरीकडे बघायला सांगावं लागेल. आईसाठी तरी." यामिनी म्हणाली, "आत्ता? या थंडीत कुठे जाईल ती?" तो म्हणाला, "आईला काही झालं तर?" माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही. मी बिस्किट बुडवत होते, ते कपात पडलं.

त्याला मी दोष देत नाही, विनी. हे गेले तेव्हा सलिल सिंगापूरच्या विमानतळावर होता. दहनाला पोचला नाही. तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत एक भीती आहे, मी खोकले की ती वर येते. आणि मी काय बोलणार? मुलाचं घर, त्यात मी पाहुणी. आपल्याला शिकवलंच होतं ना, विचारल्याशिवाय बोलू नये.

अंजूसाठी एक मफलर विणायला घेतलाय. तिला पहाटेच्या शिफ्टला बस धरावी लागते.

दुसरा अंक अर्धा झालाय. एक कळत नाही. ही आजी का बोलत नाही? कप वेगळा ठेवला, तिने पाहिलं. सून नाव घेते ते आजीचंच, "आजींच्या तब्येतीसाठी." तिने नुसतं एक वाक्य बोललं तर सगळं बदलेल. किती सोपं आहे तिला!

तुझी,
नीरू


वॉलॉंगॉंग
२ ऑगस्ट २०२०

नीरू,

"किती सोपं आहे तिला." तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. पत्र सोबत परत पाठवते आहे, तूही वाच. मग त्याच पत्राचं आधीचं पान वाच. बिस्किटाचं.

मला तुझ्यासारखं गोड लिहिता येत नाही. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं, रिपोर्टमध्ये जे असेल ते लिहायची सवय आहे. तुझ्या घरातून एक मुलगी बाहेर निघते आहे आणि कारणाच्या जागी तुझं नाव लिहिलंय. मफलर विणून ते नाव खोडलं जाणार नाही.

विचारल्याशिवाय बोलू नये, हे मदर सुपीरियरनी शिकवलं. सिस्टर पिलारनी नाही. सिस्टरनी आपल्याला क्रियापदं शिकवली.

लाँड्रीचं म्हणशील तर लॅबवाली म्हणून सांगते, यावर उपाय असतात. गरम पाणी, वेगळी बादली, वेगळी वेळ. पण आधी कोणीतरी तोंड उघडायला लागतं.

तिला इकडे पाठव म्हटलं असतं. नरेंद्रची खोली रिकामी आहे. पण सीमा बंद, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीचं दार मी चार वर्षांत उघडलेलं नाही. म्हणजे मीही फार शूर आहे असं समजू नकोस.

तिसरा अंक सोबत आहे. तो करायच्या आधी बोल.

विनी


क्लेटन
९ ऑगस्ट २०२०

प्रिय विनी,

आज अंजू गेली. स्प्रिंगव्हेलला तिच्या मैत्रिणींचा फ्लॅट आहे, पाच-सहा जणी आहेत, एक गादी मोकळी होती. सलिल फार नीट बोलला तिच्याशी, मास्क लावून, लांबून. म्हणाला, "तू समजून घेशील. आईचं वय..." ती म्हणाली, "हो दादा, काकूंची काळजी घ्यायलाच हवी."

जाताना खिडकीशी आली. दोन बॅगा. म्हणाली, "काकू, येते हं." मी शंकरपाळ्यांचा डबा खिडकीतून दिला. मफलर झाला नव्हता, वीतभर राहिला होता. ती जरा थांबली. मी हातातले टाके मोजत होते. मग मैत्रिणीची गाडी आली.

स्पृहाने विचारलं, "आजी, डिड अंजूदीदी डू समथिंग राँग?" मी म्हटलं नाही गं. "देन व्हाय?" मी म्हटलं, जा, हात धू.

दुसरा अंक सोबत आहे. तिसरा अजून आला नाही, पाठव ना. हात रिकामे आहेत.

नीरू


वॉलॉंगॉंग
२१ ऑगस्ट २०२०

नीरू,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. माझं तू आता वाचलं असशील. त्यातला सूर मागे घेते. मजकूर घेत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. गॅदरिंगला तिसऱ्या अंकाच्या शेवटी मी ट्रंक घेऊन दारात थांबले होते. लोकांना वाटलं मी विसरले, विंगेतून कोणीतरी प्रॉम्प्टही केलं. सिस्टरनीच सांगितलं होतं, "दारात दोन श्वास थांब आणि आजीकडे बघ." मी बघितलं. तू टाके मोजत होतीस. पुठ्ठ्याची ट्रंक, खोटं दार, समोर सगळ्यांचे आईबाप, आणि मला खरंच वाटलं होतं गं, की तू काहीतरी बोलशील.

आजीला वाक्य का नाही, हे मी नंतर सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "डॉन अन्सेल्मोने ते लिहिलं नाही, कारण ते त्याने बोलायचं नव्हतं."

ती अजून स्प्रिंगव्हेललाच आहे ना? स्पेनमधली नाही, कराडची. तिच्याकडे फोनही असेल.

विनी


क्लेटन
२७ सप्टेंबर २०२०

प्रिय विनी,

पाच आठवडे लिहिलं नाही. तुझ्यावर रागावले असं वाटलं असेल. पहिल्या दिवशी रागावलेच होते. मग माझ्याच पत्रातली ती दोन्ही पानं तू सांगितलंस तशी वाचली. मग राग धरायला जागा उरली नाही.

तिसरा अंक मी चार दिवसांत केला, सोबत आहे. आणि नियमाप्रमाणे, ओट्यापाशी उभी राहून, मोठ्याने वाचायला लागले. दुपारची वेळ, सलिलची मीटिंग चालू. त्याने हात हलवला, "आई, जरा हळू." विनी, मी आवाज वाढवला. मला कळलंच नाही कुठून आला तो. रेमेदियोस ट्रंक बांधते, हुलियान म्हणतो, "आजींसाठी, नाहीतर मला काय!" ते वाक्य मी वाचलं आणि थांबले. सलिलने लॅपटॉप मिटला.

"काय वाचतेस तू?"

"नाटक. जुनं आहे, स्पेनमधलं."

"स्पेनमधलं." मग म्हणाला, "आई, टोमणे मारायचे असतील तर मराठीतच मार, एवढ्या लांबून आणू नकोस."

मी म्हटलं, "टोमणा नाही रे. मी अंजूबद्दल बोलते आहे. सरळच."

"ते मी तुझ्यासाठी केलं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस!"

तेवढ्यात तोच दचकला, विनी. त्याला स्वतःलाच ऐकू आलं. यामिनी बेडरूमच्या दारात येऊन उभी राहिली होती, कानात हेडफोन तसाच.

मी म्हटलं, "मला भीती वाटते, सलिल. रोज वाटते. पण ती माझी आहे, तिचं काय करायचं ते मी बघीन. तुझी भीती वेगळी आहे. तुला वाटत असेल तर तू तुझ्या नावावर सांग तिला, की मी घाबरतो, तू जा. माझ्या नावावर कोणाला घराबाहेर काढू नकोस."

तो उठून मागच्या दारापाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "बाबांच्या वेळी मी विमानतळावर बसून व्हिडिओवर बघितलं सगळं. चार्जिंग संपत आलं होतं. मला परत तसं नाही बघायचं." मी जवळ गेले तर म्हणाला, "मास्क लाव." आणि मग आम्ही दोघंही हसलो, आणि मग तो रडला. चाळिशी उलटलेला माणूस. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या शर्टला यामिनीच्या मीटिंगांचा, स्पृहाच्या क्रेयॉनचा, कांद्याचा, सगळ्या घराचा वास येत होता.

मग यामिनी म्हणाली, "मी जुलैतच म्हटलं होतं, सेकंडहँड वॉशिंग मशीन घेऊन मागे कारपोर्टच्या छपराखाली लावू. तू म्हणालास, बघू."

बघ! "बघू"च म्हणाला होता. तुझी लाल पेन्सिल बरोबर होती.

अंजूला फोन मी केला. इथे खरी गोष्ट सांगते, जी इतके दिवस लिहवत नव्हती. त्या फ्लॅटमधल्या दोघींना कोविड झाला होता, आणि मी फोन केला त्या दिवशी अंजूला ताप होता. वास जात होता. म्हणाली, "काकू, तुमचे शंकरपाळे खाल्ले, पण तूप कळलं नाही." फोन ठेवून मी देवापाशी बसले आणि कॉन्व्हेंटमधली प्रार्थना म्हटली, मग रामरक्षा म्हटली. दोन्ही अर्धवट आठवल्या. पंधरा-वीस दिवस रोज सकाळी तिला फोन करत राहिले. आपल्या घरात ती सुरक्षित होती, विनी. आम्ही तिला काळजीपोटी आजारात धाडलं होतं.

ती बरी झाली. तरुण आहे. मी म्हटलं, परत ये. ती म्हणाली, "येईन काकू. पण सलिलदादांनी फोन करायला हवा. जा ते म्हणाले होते ना."

मला आधी वाईट वाटलं, मग इतकं बरं वाटलं! रेमेदियोसला कोणी हे वाक्य दिलं असतं तर?

सलिलला दोन दिवस लागले. बागेत जाऊन फोन केला, खूप वेळ चालत होता, लिंबाच्या झाडाला प्रदक्षिणा घातल्यासारखा. काय बोलला ते मी विचारलं नाही. आत येऊन यामिनीला म्हणाला, "मशीन बघ ऑनलाइन." मग स्वतःच लॅपटॉप उघडला. "नाही, मीच बघतो."

काल अंजू आली. मफलर पूर्ण झालाय, पण आता वसंत आलाय, तिला उकडेल. तिने तरी गळ्यात घातला. ती पूर्वीसारखी मोकळी नाही. फोडणीचं विचारत नाही अजून. मी वाट बघेन.

तुझी,
नीरू


वॉलॉंगॉंग
१० ऑक्टोबर २०२०

नीरू,

तुझं पत्र उभं राहून वाचायला सुरुवात केली, सलिल रडला तिथे खाली बसले. नियम मोडला.

मग उठून नरेंद्रची खोली उघडली. फार काही नव्हतं गं. धूळ, त्याचे बूट, आणि खिडकीतून आगगाडीचे रूळ दिसतात हे मी विसरलेच होते. पडदे धुतले. मार्गरेट म्हणाली, कोणी येणार आहे का? मी म्हटलं, अजून माहीत नाही, पण खोली तयार असावी.

तिसऱ्या अंकात लाल पेन्सिल कुठेच नाही. सिस्टरनी पुस्तक मला दिलं कारण मी ते हरवणार नाही हे त्यांना माहीत होतं. तुला दिलं असतं तर तू पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकलं असतंस. एवढं लक्षात घे आणि आता तरी राग सोड.

नाटक पूर्ण झालं. आता त्याचं काय करायचं?

विनी


क्लेटन
८ नोव्हेंबर २०२०

प्रिय विनी,

राग सोडला.

तेवीस तारखेला सीमा उघडते आहे, बातमी ऐकलीस ना? सिडनीजवळ पॅरामॅटाला मार्गरेटच्या लेकीकडे एक रात्र काढायची असेल तर काढ, नाहीतर सिडनीहून सरळ ट्रेनने ये. सलिल स्टेशनवर येईल. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मागच्या बागेत आपण 'मागची खोली' वाचणार आहोत. पाहुणे नाहीत, आम्ही पाच आणि तू. खुर्च्या लांब लांब मांडू.

कोणाला काय द्यायचं ते लिहिते आहे. मराठीतले तिन्ही अंक तुझ्याकडे आहेत, म्हणून तूच येताना प्रत्येकाची प्रत उतरवून, वर नावं घालून आण.

हुलियानचं काम अंजूला दे. तिने मागितलंय. म्हणते, "काकू, 'समजून घेशील' हे कसं म्हणतात ते मला म्हणून बघायचंय."

रेमेदियोस सलिलला. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याची जुनी केबिन बॅग मी पलंगाखालून काढून ठेवली आहे, ट्रंक म्हणून चालेल. दारात दोन श्वास थांबायचं, हे त्याला तू सांग. माझ्याकडून तो टोमणा समजेल.

सून यामिनीला. तिची वाक्यं थोडी वाढवावी असं वाटतं, डॉन अन्सेल्मोची क्षमा मागून.

स्पृहाला शेजारणी दे, तिन्ही. तिचं मराठी कच्चं आहे, पण भांडण छान करते. तिची प्रत मोठ्या अक्षरात लिही.

पुस्तकाचे तीन तुकडे माझ्याकडेच आहेत, मी इथे शिवून एक करते. वाचन झाल्यावर ते अंजूचं. ती स्पॅनिश शिकलेली नाही, पण हरवणार नाही. लाल पेन्सिल स्पृहाला. नरेंद्रचं हेल्मेट तुझ्याकडेच राहू दे. तू खोली उघडलीस, तेवढं पुरे आहे. मी मार्चमध्ये पुण्याला जायच्या आधी त्या खोलीत आठ दिवस येऊन राहीन, पडदे तसेच ठेव.

मी रंगसूचना वाचणार. दार उघडतं, दार बंद होतं. एवढंच. पण मोठ्याने.

आणि आजी तुला. तीन अंक खुर्चीत गप्प बसायचं, विनी. ते बघायला मी पन्नास वर्षं थांबले आहे. विणकाम मी देईन, टाके मोजू नकोस. तुझी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवते.

तू मात्र माझ्या हातची मूळ प्रत घे. तिच्या शेवटच्या पानावर, सलिल बॅग घेऊन दारात थांबेल त्या जागेखाली, मी दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. त्या खोडू नकोस. आणि आधी काही लिहूनही आणू नकोस.

तुझी,
नीरू